गाईचं की म्हशीचं? आधी दुधाचं माप बघू

ताई, तुम्ही लिहिलंय त्यावरून चित्र असं दिसतं. मुलगी साडेबारा महिन्यांची, वजन ८.४ किलो. रात्री झोपताना आणि पहाटे अंगावर पिते. शिवाय दिवसभरात २०० मिलीच्या चार बाटल्या. त्यात निम्मं म्हशीचं दूध, निम्मं पाणी आणि प्रत्येक बाटलीत चमचाभर साखर. जेवायला बसवलं की दोन घास वरण-भात खाते आणि तोंड फिरवते. शी खड्यासारखी होते. सासूबाई म्हणतात, पाणी घालू नकोस, घट्ट दूध दे म्हणजे बाळसं धरेल. शेजारच्या ताई गीर गाईचं ए-टू दूध लावायला सांगतात. मेडिकलवाला तीन नंबरचा डबा, म्हणजे वर्षानंतरच्या बाळांसाठीची फॉर्म्युला पावडर, पुढे करतो. नाशिकच्या इंदिरानगरला घरी गवळ्याचा म्हशीच्या दुधाचा रतीब चालू आहे आणि यातलं नेमकं कोणतं दूध द्यायचं, हा तुमचा प्रश्न.

रतीब बदलायची गरज नाही, हे आधीच सांगून टाकते. वर्ष पूर्ण झालेल्या निरोगी बाळाला गाईचं, म्हशीचं किंवा पिशवीचं साय न काढलेलं दूध चालतं. तुमच्या घरी बिघडलंय ते दुधाचं माप, त्यातलं पाणी आणि बाटली. मुलगी जेवत नाही याचं कारणही तिथेच आहे.

हिशोब करून बघा. चार बाटल्या म्हणजे ८०० मिली. त्यात खरं दूध ४०० मिली, म्हणजे या वयाला पुरेसं. पण पोटात जातंय ८०० मिली. नऊ-दहा किलोच्या आतल्या बाळाच्या पोटात एका वेळी २०० मिली गेलं की पुढचे दीड-दोन तास त्याला भूक नसते, आणि असं दिवसातून चार वेळा होतंय. वर चार चमचे साखर, म्हणजे साधारण २० ग्रॅम, ८० कॅलरी. त्यांतून ना प्रथिन मिळतं ना लोह. आता सासूबाईंचं ऐकून याच चार बाटल्या घट्ट दुधाच्या केल्या तर काय होईल? म्हशीच्या ८०० मिली दुधात ८०० च्या वर कॅलरी असतात. या वयाच्या बाळाला दिवसभराला लागतात साधारण ८०० ते ९००. वजन वाढेल, गाल भरतील, पण ताटातलं उरलंसुरलंही ती खाणार नाही. पाणी घालू नये हे त्यांचं म्हणणं बरोबर आहे, फक्त बाटल्या चारच्या दोन करायला हव्यात.

ताटातलं जेवण का जायला हवं, तर लोहासाठी. दुधात कॅल्शियम भरपूर, प्रथिनं चांगली, पण लोह जवळजवळ नाहीच. लिटरभर दुधात एक मिलिग्रॅमही लोह नसतं. एक ते तीन वर्षांच्या मुलाला, राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे, रोज ८ मिलिग्रॅम लोह आहारातून मिळायला हवं. त्यात दुधातलं कॅल्शियम आणि केसिन हे प्रथिन, जेवणातून आलेल्या लोहाचं शोषणही कमी करतं. बाळ जन्मताना आईकडून लोहाचा जो साठा आणतं तो सहा महिन्यांच्या आसपास संपत येतो. म्हणून सहा महिन्यांपासून वरचं अन्न सुरू करतात, आणि वर्षानंतर तर मुख्य आहार जेवणच असायला हवा. गोरीगोमटी, गुटगुटीत दिसणारी, दिवसाला लिटरभर दूध पिणारी मुलं तपासली तर रक्त कमी निघतं, हे बालरोग विभागात नेहमी दिसणारं चित्र आहे. दूध पितोय म्हणजे पोषण होतंय, असं समजून घरचे निर्धास्त असतात.

माप असं ठेवा. अंगावरचं दूध बंद झालेल्या बाळाला ३५० ते ४०० मिली, काही झालं तरी ५०० मिलीच्या वर नाही. तुमची मुलगी दिवसातून दोनदा अंगावर पिते, तर तिला वरचं दूध ३०० मिलीपर्यंत पुरे. दही याच हिशोबात धरायचं. अर्धी वाटी दही खाल्लं की तेवढं दूध कमी. कॅल्शियमची गरज रोज ५०० मिलिग्रॅम आणि १०० मिली दुधात साधारण १२० मिलिग्रॅम कॅल्शियम, म्हणजे एवढ्यात ती बऱ्यापैकी भागते. उरलेलं अंगावरच्या दुधातून, नागलीतून, तिळाच्या कुटातून येतं. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकच्या बाजूची नागली आपल्याकडे सहज मिळते. तिची पेज, सत्त्व किंवा मऊ भाकरी या वयाला फार चांगली. अंगावरचं दूध मात्र तोडू नका. दोन वर्षांपर्यंत आणि पुढेही चालू ठेवायला काहीच हरकत नाही.

आता प्रकारांकडे येऊ. गाईच्या दुधात स्निग्धांश साधारण साडेतीन ते चार टक्के आणि १०० मिलीत ६५ ते ७० कॅलरी. म्हशीच्या दुधात सहा-सात टक्के स्निग्धांश आणि १०० च्या वर कॅलरी. प्रथिनंही थोडी जास्त. बाळ बारीक आहे, थोडंच पण नीट खातं, तर म्हशीचं दूध त्याला उलट सोयीचं, कारण कमी मापात जास्त ऊर्जा. बाळ अंगाने भरलेलं असेल, दुधाची गोडी फार असेल किंवा दूध प्यायल्यावर पोट जड होतं असं दिसत असेल, तर गाईचं बरं. तुमच्या मुलीचं वजन तिच्या वयाला ठीक आहे. वर्षाच्या मुलींचं सरासरी वजन ९ किलोच्या जरासं आत असतं आणि ७ च्या खाली गेलं तर काळजी करायची. म्हणून तिला म्हशीचं चालेल. म्हशीच्या दुधात स्निग्धांश मुळातच जास्त, म्हणून तापवून गार झाल्यावर वर आलेली जाड साय एकदा काढली तरी चालते, बाकीचं तसंच द्या. ‘गाईचं’ म्हणून मापाने मिळणारं दूध कित्येकदा गाई-म्हशीचं एकत्र असतं. त्याने बाळाला अपाय होत नाही, त्यामुळे त्यावरून गवळ्याशी वाद घालू नका. पाणी कोणतं घालतो आणि भांडी कशी धुतो हे मात्र जरूर विचारा.

पाणी घालायची पद्धत आली कुठून? पूर्वी तान्ह्या बाळांना नाइलाजाने वरचं दूध द्यावं लागायचं, तेव्हा त्यातली प्रथिनं आणि क्षार लहान मूत्रपिंडांना जड जायचे, म्हणून पातळ करत. वर्षाच्या बाळाची मूत्रपिंडं ते सांभाळतात. आता पाणी घातलं की पोट भरतं आणि पोषण निम्म्यावर येतं. एकदम बंद केलं तर चव बदलल्यामुळे मुलगी नाकारेल, म्हणून तीन भाग दूध आणि एक भाग पाणी असं तीन-चार दिवस करा, मग निव्वळ दूध. साखर दर दोन-तीन दिवसांनी पाव चमचा कमी करत शून्यावर आणा. दोन वर्षांपर्यंत वरची साखर नको. गूळ, खडीसाखर, मध हेही साखरच. चॉकलेटी पावडरी आणि दुधात बुडवलेलं बिस्कीटही त्यातच आलं.

पिशवीचं दूध घेणार असाल तर पिशवीचा रंग पाहू नका, कारण प्रत्येक कंपनीचे रंग वेगळे. बारीक अक्षरात लिहिलेला स्निग्धांश वाचा. गाईचं दूध ३.२ ते ३.५ टक्के, स्टँडर्डाइज्ड ४.५, फुल क्रीम ६. हे तिन्ही चालतात. टोन्ड ३ टक्के असतं, एखाद्या दिवशी तेवढंच मिळालं तर हरकत नाही. डबल टोन्ड म्हणजे दीड टक्का आणि स्किम्ड म्हणजे अर्धा टक्का. ही दोन्ही दोन वर्षांखालच्या मुलाला देऊ नका. या वयात मेंदूची वाढ वेगाने चालू असते, तिला स्निग्ध पदार्थ लागतात. घरात कोणाला कोलेस्टेरॉल आहे म्हणून सगळ्यांसाठी डबल टोन्ड येत असेल तर बाळासाठी अर्धा लिटरची वेगळी पिशवी आणावी. पिशवीवर निळ्या रंगात अधिक चिन्ह आणि एफ असं अक्षर असेल तर त्यात अ आणि ड जीवनसत्त्व मिसळलेलं असतं. मिळालं तर तेच घ्या. खोक्यातलं टेट्रापॅक दूध प्रवासाला सोयीचं. न फोडता बाहेर टिकतं, पण फोडल्यावर फ्रिजमध्ये ठेवून दोन दिवसांत संपवायचं. चहासाठीची दुधाची पावडर आणि आटवलेल्या गोड दुधाचा डबा बाळासाठी नाही.

ए-टू बद्दल. गाईच्या दुधातल्या बीटा-केसिन या प्रथिनाचे ए-वन आणि ए-टू असे दोन प्रकार असतात. गीर, साहिवालसारख्या देशी गाईंच्या दुधात बहुतेक ए-टू असतं. पण म्हशीच्या दुधातही तेच असतं! म्हणजे तुमच्या रतिबात ते आधीपासून येतंय. ए-टू दुधाने मुलं जास्त निरोगी होतात असं म्हणायला पुरेसा पुरावा नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने कंपन्यांना हे दावे काढायला सांगितलं होतं आणि काही दिवसांतच ती सूचना मागे घेतली. एवढा हा विषय व्यापारात गुंतलेला आहे. देशी गाय सांभाळणाऱ्या शेतकऱ्याचं दूध घ्यावंसं वाटत असेल तर आनंदाने घ्या, पण बाळासाठी म्हणून दुप्पट पैसे मोजायची गरज नाही. तेवढ्या पैशांत रोज एक अंडं आणि एक फळ येतं.

शेळीच्या दुधाबद्दल तुम्ही विचारलं नाही, तरी सिन्नर-संगमनेरच्या पट्ट्यात संगमनेरी शेळ्या घरोघरी आणि ‘शेळीचं दूध हलकं’ हे आजीचं वाक्य ठरलेलं. कधीमधी दिलं तर चालेल. पण त्यात फोलेट हे ब गटातलं जीवनसत्त्व फारच कमी असतं. फक्त त्याच दुधावर वाढणाऱ्या बाळाला वेगळ्या प्रकारचा पंडुरोग, म्हणजे रक्ताची कमतरता, होतो. आणि गाईच्या दुधाची ॲलर्जी असेल तर शेळीचं दूध हा पर्याय नव्हे, कारण दोन्हींतली प्रथिनं इतकी सारखी आहेत की बहुतेक मुलांना दोन्हींची ॲलर्जी होते.

तीन नंबरचा डबा निरोगी बाळाला लागत नाही. त्यातलं लोह आणि जीवनसत्त्वं जेवणातून मिळतात, किंमत मात्र कितीतरी जास्त आणि काही डब्यांत साखर किंवा माल्टोडेक्स्ट्रिन ही स्टार्चपासून बनवलेली पावडर घातलेली असते. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२३ च्या मार्गदर्शिकेत बारा महिन्यांनंतर अशा पावडरींची शिफारस केलेली नाही. आपल्याकडे दोन वर्षांपर्यंतच्या बाळांच्या डब्याच्या दुधाची आणि बाटल्यांची जाहिरात करायला १९९२ च्या कायद्याने आणि त्याच्या २००३ च्या दुरुस्तीने बंदी आहे. फार कमी दिवसांचं जन्मलेलं बाळ, हृदयाचा आजार किंवा वजन अडकलेलं बाळ यांना डॉक्टर लिहून देतात, ती गोष्ट वेगळी. बदामाचं, तांदळाचं दूध या वयाला दुधाची जागा घेऊ शकत नाही. त्यात प्रथिनं नगण्य असतात.

सुटं दूध तापवण्यात बऱ्याच घरी चूक होते, म्हणून हे सविस्तर. कच्चं दूध बाळाला कधीही नाही, ‘धारोष्ण’ तर नाहीच; त्यातून ब्रुसेलोसिस हा जनावरांकडून येणारा ताप आणि क्षय पसरू शकतात. सकाळी दूध आलं की लगेच गाळून जाड बुडाच्या स्टीलच्या पातेल्यात मध्यम आचेवर ठेवा आणि ढवळत राहा. पहिली उकळी वर आली की गॅस लगेच बंद करतात, तिथेच गडबड होते. फेस वर येतो तेव्हा सगळं दूध सारखं तापलेलं नसतं. आच कमी करून, ढवळत, आणखी दोन-तीन मिनिटं उकळू द्या. मग झाकण ठेवून पातेलं परातीत गार पाण्यात ठेवा, वीस-पंचवीस मिनिटांत कोमट होतं. लगेच फ्रिजमध्ये. एप्रिल-मेमध्ये नाशिकला पारा चाळिशीला टेकतो तेव्हा ओट्यावर दोन तास राहिलेलं दूध बाळाला देऊ नका. पुन्हा वापरताना लागेल तेवढंच वाटीत काढून गरम करा. अख्खं पातेलं दिवसातून चारदा उकळलं की पाणी उडून दूध घट्ट होत जातं आणि ब गटातली जीवनसत्त्वं कमी होतात. बाळाने पिऊन उरलेलं दूध परत पातेल्यात ओतायचं नाही.

पिशवीचं दूध पाश्चराइज्ड असतं, म्हणजे ७२ अंशाला १५ सेकंद तापवून गार केलेलं. डेअरीपासून घरापर्यंत सतत थंड राहून आलं तर पुन्हा उकळायची सक्ती नाही. पण सकाळी टपरीवर उन्हात क्रेट पडलेले आपण बघतो, तेव्हा एक उकळी द्यावी.

भेसळीची शंका आली तर घरी दोन-तीन गोष्टी करता येतात. तिरप्या, गुळगुळीत फरशीवर थेंब सोडा. चांगलं दूध सावकाश ओघळतं आणि मागे पांढरी रेघ सोडतं, पाणी घातलेलं भराभर ओघळतं. दूध उकळून गार करा आणि त्यात आयोडीनचे दोन-तीन थेंब टाका. निळं झालं तर स्टार्च आहे. १० मिली दुधात तेवढंच पाणी घालून जोरात हलवलं आणि दाट फेस टिकून राहिला तर डिटर्जंटचा संशय धरा. खात्री करायची असेल तर अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करा, पण तोवर बाळापुरतं दूध बदला.

आता बाटली. वर्षानंतर बाटली सोडवायला लागा, दीड वर्षापर्यंत ती घरातून जायला हवी. बाटलीतून बाळ भूक नसताना चोखत राहतं, झोपेत दूध तोंडात साठून पुढचे दात किडतात, आणि आडवं पाजलं तर कानाला त्रास होतो. वाटी-चमचा, बोंडलं किंवा छोटा स्टीलचा पेला, काहीही चालेल. बोंडलं रोज गरम पाण्याने ब्रशने घासायचं, कारण चोचीत दुधाचा थर बसतो. पहिले काही दिवस पेल्यातून निम्मं सांडेल, ते चालू द्या. आधी दुपारची बाटली बंद करा, चार-पाच दिवसांनी संध्याकाळची, मग सकाळची. झोपतानाची सगळ्यांत शेवटी, कारण ती सवयीची असते. त्या वेळी तुमच्याकडे अंगावरचं दूध आहेच.

दिवस साधारण असा लावता येईल. पहाटे अंगावर. साडेआठला नाश्ता, नागलीची पेज किंवा मऊ उपमा. अकरा वाजता पेल्यातून १५० मिली दूध. एकला जेवण. चारला फळ. साडेपाचला १५० मिली दूध, नाहीतर त्याऐवजी दही. साडेसातला रात्रीचं जेवण आणि झोपताना अंगावर. मुद्दा एवढाच की दूध आणि जेवण यांत दीड-दोन तासांचं अंतर हवं आणि जेवायला बसवण्याआधी दूध नको. ‘जेवली नाही तर निदान दूध तरी’ म्हणून जेवणानंतर बाटली देतात, तेव्हा मुलगी पटकन शिकते की ताट नाकारलं की बाटली येते. एखादी वेळ कमी खाल्लं तर पुढच्या वेळेपर्यंत थांबा. निरोगी बाळ एका जेवणाने अशक्त होत नाही.

जेवणात लोहाचं काय, तर मसूर-मुगाचं घट्ट वरण, अंडं, मांसाहारी घर असेल तर चिकनचं काळीज किंवा खिमा, हिरवी भाजी घातलेली खिचडी, खीर करताना चिमूटभर भिजवलेले हळीव. वरणावर लिंबू पिळलं की लोह जास्त शोषलं जातं. चहा अजिबात नको, बशीतला एक घोटही नाही. हिवाळ्यात निफाड-दिंडोरीची द्राक्षं घरात असतील, ती अख्खी देऊ नका. उभी चिरून चार तुकडे करूनच द्या. अख्खं द्राक्ष घशात अडकतं. एका जेवणाला २५० मिलीच्या वाटीची पाऊण वाटी हे लक्ष्य ठेवा, पण तिथे पोचायला तीन-चार आठवडे लागतील.

अंगणवाडीतून किंवा आशाताईंकडून लोहाचं सरबत मिळतं. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांना आठवड्यातून दोनदा एक मिली, असं ते असतं. दुपारी जेवणानंतर द्या, दुधाबरोबर किंवा दुधानंतर लगेच नको. शी काळी होईल, त्याला घाबरू नका.

खड्यासारख्या शीचं कारण तुमच्या वर्णनात बहुधा हेच आहे: भरपूर दूध, त्यात जेवण नाही, त्यामुळे चोथा नाही. दूध मापात आलं आणि फळ, भाजी, वरण पोटात जायला लागलं की दोन आठवड्यांत फरक पडतो. पपई, पेरूचा गर, भिजवलेल्या मनुका कुस्करून द्या. जेवणाबरोबर आणि मधेमधे पाणी पेल्यातून. जुलाबानंतर काही दिवस दूध पचलं नाही तर तेवढ्यापुरतं दही द्या. अंगावरचं दूध चालूच राहू द्या. ती दुधाची ॲलर्जी नव्हे.

पण काही गोष्टींत माझ्या या लिहिण्यावर थांबू नका, डॉक्टरांना दाखवा. दूध प्यायल्यावर दोन तासांच्या आत अंगावर गांधी उठणं, ओठ सुजणं किंवा वारंवार उलट्या. श्वास लागला तर लगेच दवाखाना. शीमध्ये रक्त, मग ती शी कडक असो वा पातळ. दोन-तीन महिन्यांत वजन अजिबात न वाढणं. हाताचे तळवे, पापणीची आतली बाजू फिकी दिसणं, माती किंवा भिंतीचा चुना खाणं. तुमच्या मुलीला आतापर्यंत लोहाचं सरबत सुरू नसेल, तर हे काही दिसत नसलं तरी एकदा हिमोग्लोबिन तपासून घ्या. आपल्याकडे या वयाला ११ च्या खाली आलं की पंडुरोग धरतात आणि मग आठवड्यातून दोनदाचा तो एक मिली पुरत नाही. डॉक्टर वजनाप्रमाणे रोजचा डोस ठरवतात आणि तो काही महिने चालवावा लागतो.